ऑनलाइन एमबीए करतोय. कॅम्पसवरच्या आठवड्याला प्रत्यक्ष जावं का?

जा, निदान एकदा तरी. लेक्चर हे त्याचं कारण नाही, ते घरी बसूनही तेवढंच कळतं. फरक पडतो तो केसच्या, म्हणजे एखाद्या कंपनीपुढच्या खऱ्या पेचाच्या, चर्चेत. हार्वर्डने १९२० च्या दशकात रुजवलेली ही पद्धत मुळात समोरासमोर वाद घालण्यासाठीच आहे. झूमवर हात वर केल्याचं चिन्ह दाबून आपली पाळी येईपर्यंत मुद्दा शिळा झालेला असतो. वर्गात मात्र मागच्या रांगेतून कुणीतरी "अहो, पण रोकड कुठून आणणार?" असं मध्येच तोडतं आणि तिथून खरी मजा सुरू होते.

आमच्या गटातला एक जण वर्षभर कॅमेरा बंद ठेवून बसायचा. मला वाटलं, अंगचोर आहे. कॅम्पसवर सिम्युलेशनच्या, म्हणजे लुटुपुटूची कंपनी चालवायच्या खेळाच्या, दुसऱ्या फेरीत आमचा माल गोदामात पडून राहिला, तेव्हा त्यानेच शांतपणे उत्पादन कमी करायला लावलं. पुढे प्रकल्पासाठी मी त्यालाच धरलं.

हजेरी सक्तीची आहे का, क्रेडिट मिळतात का, राहण्याचा खर्च फीमध्ये धरलाय का, हे आधी लेखी विचारून घ्या. केस वाचूनच जा, तिथे रात्री वेळ मिळत नाही. आणि ऑफिसचा लॅपटॉप घरीच ठेवा. मी नेला होता. अर्धा बुधवार कॉरिडॉरमध्ये फोनवर गेला.

आठवडा ऐच्छिक असेल आणि रजा मिळतच नसेल, तर मात्र कर्ज काढून जाण्याइतकं काही बुडत नाही.