लिपिड आयन-वाहिनीचे ‘नियंत्रण’ करते की ‘नियमन’?

तासगावला महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या टिपणात त्यांनी ‘पेशीपटलातील लिपिडे आयन-वाहिन्यांचे नियंत्रण करतात’ असे लिहिले. (लिपिडे म्हणजे पटल ज्यांचे बनते ते तेलकट रेणू; आयन-वाहिन्या म्हणजे विद्युतभारित कणांना, आयनांना, पटलातून वाट देणारी प्रथिने.) सहकाऱ्यांनी ‘नियमन’ करा म्हटले. दोन्ही एकच ना?

मुळात एकाच घरचे. दोन्हींच्या तळाशी ‘यम्’, म्हणजे आवरणे, हा धातू आहे. पण वापराने वाटा वेगळ्या झाल्या. नियंत्रणाला नियंत्रक लागतो: वाहतूक नियंत्रण, पूरनियंत्रण. तो अडवतो, तो सोडतो. नियमनात काम ज्याचे त्यानेच करायचे. कधी, किती, कोणत्या स्थितीत, एवढेच ठरवले जाते. ताई, ‘नियमन’च लिहा.

हृदयपेशीतली केसीएनक्यू-१ ही पोटॅशियम वाहिनी घ्या. ठोक्यानंतर पेशीचे विभवांतर, म्हणजे पटलाच्या आतबाहेरच्या विद्युतदाबातला फरक, पूर्ववत करण्यात तिचा वाटा असतो. विभवांतर बदलले की तिचा संवेदक भाग हलतो आणि छिद्र उघडते. पटलाच्या आतल्या थरात पीआयपी-२ नावाचे लिपिड असते, तेही अगदी थोडे. ते नाहीसे केले तर संवेदक हलतो, छिद्र मात्र उघडत नाही. दोघांमधला दुवाच सुटतो. आपल्याकडे पावसानंतर रानाला वापसा आल्याशिवाय कुळव घालत नाहीत. बैल जुंपलेले, माणूस तयार, तरी थांबायचे. पीआयपी-२ म्हणजे तो वापसा. वापसा कुळव ओढत नाही, म्हणूनच मला इथे ‘नियंत्रण’ पटत नाही.

हे लिपिड एवढे महत्त्वाचे आहे हे फार जुने ज्ञान नाही. १९७२ च्या सिंगर-निकोल्सन प्रतिमानाने प्रथिने लिपिडांच्या द्रवात तरंगतात हे चित्र रूढ केले. पुढे १९९६ मध्ये हिल्गेमन आणि बॉल यांनी हृदयपेशींत दाखवले, की दुसरी एक पोटॅशियम वाहिनी आणि सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल करणारे प्रथिन, दोन्ही पीआयपी-२ मुळे सक्रिय राहतात. तेव्हा टिपणात ‘तरंगतात’ एवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मात्र ‘नियमन’ सरसकट वापरू नये. पटलाच्या तेलकट गाभ्याची जाडी साधारण ३ नॅनोमीटर असते. प्रथिनाचा पाण्याला टाळणारा भाग त्याहून आखूड असला तर भोवतीचे पटल दबते, लांब असला तर प्रथिन कलू शकते. ग्रॅमिसिडिन या छोट्या प्रतिजैविक पेप्टाइडची वाहिनी त्याचे दोन रेणू टोकाला टोक जोडून बनते. पटल जाड असले की ती जोडी लवकर सुटते. इथे कोणताही एक रेणू येऊन प्रथिनाला चिकटत नाही. ‘पटलाच्या जाडीचा परिणाम होतो’ हे साधे वाक्य पुरे.

आणि ‘लिपिड’चे ‘मेद’ करू नका. मेद म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर सुटलेले पोट येते. पटलातली फॉस्फोलिपिडे आणि कोलेस्टेरॉल त्या शब्दात मावत नाहीत.