लेकरं सांभाळून एलएलबी

ताई, आधी हजेरीचं बघा. बार काउन्सिलच्या नियमानं ७० टक्के लागते. लेकराचा ताप, सासरकडची लग्नं, सगळं उरलेल्या ३० टक्क्यांत बसवायचं. म्हणून सुरुवातीलाच दांड्या मारू नका. मी पहाटे चारला उठायचे. आमच्या लातुरात नळाला पाणी आलं की घागरी भरता भरता कलमं पुटपुटायची. धाकटी ऐकून ऐकून विचारायची, "आई, १०३ म्हणजे खून ना?" सिनिअरची जुनी पुस्तकं घेताना जपून. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे, कलमांचे नंबर बदललेत, खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालंय. आणि परीक्षेच्या तारखा सासूबाईंना महिनाभर आधी सांगा. माझ्या ऐन पेपरात घरी कुरडयांचा घाट घातला होता, अजून राग येतो!