शुक्राणूंचा काउंट १२ मिलियन आला, आता पुढे काय?

ताई, नवऱ्याच्या वीर्यतपासणीच्या एका रिपोर्टवरून घाबरू नका. दर मिलीलिटरला १६ मिलियन ही जागतिक आरोग्य संघटनेची (२०२१) खालची मर्यादा. त्याखाली गेलेल्यांनाही मुलं होतात.

आधी नमुना कसा दिला ते आठवा. शेवटचा वीर्यपात आणि नमुना यांत २ ते ७ दिवसांचं अंतर हवं. तुम्ही लिहिलंय की घरून डबी घेऊन पेडण्याहून पणजीला गेलात. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा, तोही अंगाच्या उबेत, फ्रीजमध्ये ठेवून नव्हे. उशीर झाला की शुक्राणूंची हालचाल कमी दिसते. काउंट मात्र उशिरानं फारसा बदलत नाही, तो थोडा नमुना सांडला तर चुकतो. पुढच्या वेळी लॅबच्याच खोलीत द्या, लाज दहा मिनिटांची.

अलीकडे डेंगी किंवा जोराचा ताप आला होता का? शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, त्यामुळे पावसाळ्यातला ताप दिवाळीच्या रिपोर्टात दिसतो. तसं असेल तर तपासणी तीन महिन्यांनी, नाहीतर महिन्याभरानं पुन्हा करा.

तरीही कमीच आला तर सकाळी उपाशीपोटी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि एफएसएच (शुक्राणू तयार करायला लावणारं हार्मोन) तपासा. क्रोमोसोमच्या महागड्या तपासण्या साधारणपणे काउंट ५ मिलियनच्या खाली असेल तरच. कोणी आत्ताच लिहून दिल्या तर कारण विचारा.

जिमवाल्यानं टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नाही म्हणा, त्यानं शुक्राणू आणखी घटतात. दुसरा रिपोर्ट घेऊन यूरोलॉजिस्टला (मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे डॉक्टर) दाखवा. बांबोळीच्या जीएमसीतही (गोवा मेडिकल कॉलेज) चालेल.