प्रेमाने बरा होणारा वेडा

आपल्या सिनेमात मानसिक आजार खरा वाटेल असा कुणी दाखवलाय का, असं तुम्ही विचारलंय. दाखवलाय, पण फार थोड्यांनी. मी रुग्णाच्या अभिनयापेक्षा त्याला सांभाळणाऱ्याकडे बघतो. सिनेमा त्या माणसाकडून काय मागतो, यावरून बरंच कळतं.

जुन्या हिंदी सिनेमात औषध म्हणजे बाई. 'खामोशी'त (१९६९) वहीदा रहमानची नर्स राधा प्रेमाचं नाटक करून रुग्णाला बरं करते, आणि हा म्हणे डॉक्टरांचा प्रयोग! पुढच्याच वर्षी आलेल्या 'खिलौना'त वेड लागलेल्या मुलासाठी घरचे चक्क एका तवायफेला बायको म्हणून आणून ठेवतात. दोन्हीकडे पुरुष शहाणे होतात. बाईचं काय? 'खिलौना'चा नायक बरा झाल्यावर तिला ओळखतही नाही, आणि राधा शेवटी त्याच वॉर्डात भरती होते. तरी 'खामोशी' मला आवडतो, कारण दिग्दर्शक असित सेन यांना या उपचाराची किंमत दिसलेली आहे. नंतरच्यांनी त्यातलं 'प्रेमाने वेड जातं' एवढंच उचललं.

उपचार म्हणून विजेचा शॉक देण्याच्या दृश्यांनी तर खरंच नुकसान केलं. पट्ट्यांनी बांधलेला, किंचाळणारा माणूस आपल्या डोक्यात पक्का बसलाय. प्रत्यक्षात आधी भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. त्याशिवाय शॉक द्यायला २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदीच आहे.

मग 'देवराई' (२००४) आणि '१५ पार्क अव्हेन्यू' (२००५) पाठोपाठ आले. दोन्हींत स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार, दोन्हींत सांभाळणारी बहीण, आणि तिच्या मायेने आजार जात नाही. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'देवराई'त अतुल कुलकर्णीचा शेष जितका खरा, तितकाच त्याला घरी आणल्यावर बहिणीच्या संसाराला बसणारा ताणही खरा. अपर्णा सेनच्या सिनेमात शबाना आझमी थकते, चिडते. माझ्या काकांना हाच आजार होता. गोळी घेतली का हे रोज विचारायचं, त्यावरून वाजायचं, जरा बरं वाटलं की ते गोळ्या बंद करायचे आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. म्हणून ती चिडचिड बघून मला हायसं वाटलं.

'डिअर जिंदगी'तला (२०१६) शाहरुखसारखा थेरपिस्ट कुणाच्या नशिबी नसतो, ते सोडा. पण आलियाची कायरा त्याच्यावर मन जडल्याचं सांगते तेव्हा तो नीट समजावून नाही म्हणतो. 'खामोशी'नंतर ४७ वर्षांनी का होईना, उपचार आणि प्रेम वेगळं ठेवणं जमलं!

एकच बघायचा असेल तर 'देवराई' बघा. त्याच जोडीच्या 'कासव'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालंय, तोही सुंदर आहे. फक्त त्यातल्या मुलाने आत्महत्येचा प्रयत्न केलेला आहे, तेव्हा सध्या मन ठीक नसेल तर एकट्याने बघू नका.