व्यसन, सेवन आणि हरणाचा नाद

प्रश्न असा आलाय की 'देशात १६ कोटी लोकांना दारूचं व्यसन' अशी बातमी वाचली, तर इंग्रजीतल्या 'यूज'ला मराठीत व्यसन म्हणायचं का?

नाही म्हणायचं. हे वाचून वाचून डोकं उठलंय माझं. एम्सच्या लोकांनी सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेला सर्व्हे २०१९ ला आला, त्यात १० ते ७५ वयातले १४.६ टक्के, म्हणजे साधारण १६ कोटी लोक वर्षभरात कधीतरी दारू प्यायलेले होते. दारूवाचून चालतच नाही असे त्यातले २.९ कोटी. आता लग्नात एक बिअर घेणारा मामेभाऊ आणि सकाळी हात थरथरतात म्हणून क्वार्टर शोधत फिरणारा माणूस, दोघांना एकाच पोत्यात भरून वर 'व्यसनी' लिहायचं म्हणजे काय! सेवन हा शब्द काय वाईट आहे?

व्यसनाचा रोजचा अर्थ सगळ्यांना माहितीये, तो सोडून देतो. मजा ह्या शब्दाच्या संस्कृत धातूत, म्हणजे मूळ क्रियापदात आहे. वि + अस्, अस् म्हणजे फेकणे. संन्यास, न्यास, अभ्यास सगळे ह्याच अस् चे, म्हणजे संन्यास आणि व्यसन सख्खे भाऊ निघाले! कौटिल्य म्हणतो 'व्यस्यत्येनं श्रेयस इति व्यसनम्', माणसाला भल्यापासून लांब भिरकावतं ते व्यसन. त्याच्या 'अर्थशास्त्रा'तलं आख्खं आठवं अधिकरण (म्हणजे भाग) व्यसनांवर आहे, आणि त्यात दारू-जुगाराच्या जोडीला आग, पूर, रोगराई, दुष्काळ पण येतात. म्हणजे मूळ अर्थ आपत्ती. 'उत्सवे व्यसने चैव' ह्या सुभाषितात संकटात सोबत राहतो तो बांधव असं म्हटलंय, पण आमच्या एका काकांनी त्याचा अर्थ 'प्यायला सोबत बसतो तोच खरा मित्र' असा लावला होता आणि आयुष्यभर पाळला.

मनुस्मृतीतली कामज, म्हणजे इच्छेपोटी जडणाऱ्या व्यसनांची यादी बघा, दहा आहेत, त्यात दुपारची झोप आणि उगाच भटकणं पण आहे (माझा रविवार संपला). पण यादीत पहिलं काय? मृगया. शिकार.

आणि इथेच मला आपला 'नाद' आठवतो. दारूचा नाद, पत्त्यांचा नाद. आता आवाजाचा आणि व्यसनाचा काय संबंध? काही जाणकार सांगतात की डोक्यात सारखं वाजत राहतं म्हणून नाद. काहीतरीच! तसं असतं तर नाद 'घुमला' असता, आपण नादी 'लागतो', मागे मागे जातो, नादापायी वाया जातो. माझं ठाम मत, हा हरणाचा नाद आहे. 'कुरङ्गमातङ्गपतङ्गभृङ्गमीना' ह्या संस्कृत श्लोकात हरीण, हत्ती, पतंग, भुंगा आणि मासा आहेत, त्यातलं पहिलं ते कुरंग, म्हणजे हरीण, एकेका इंद्रियापायी मेलेले हे पाच जण, त्यात हरीण मेलं कानापायी, शिकाऱ्याचं गाणं ऐकत जागेवर उभं राहिलं. म्हणजे शिकाऱ्याला हरणाचं व्यसन आणि हरणाला शिकाऱ्याचा नाद, एकाच रानात! कोशवाल्यांना हे पटत नाही तर नको पटू दे, कोशात बसून हरीण दिसत नसतं.

हां, तुमचा प्रश्न. सेवन म्हणा. आणि तंबाखूची बातमी असेल तर 'धूम्रपान' पण सांभाळून, कारण २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि खाणारे-लावणारे २४.४. त्यात मशेरीवाल्या बायका किती असतात. आमच्या गावाकडच्या आत्याला विचारलं, 'आत्या, तुला कसलं व्यसन आहे का गं?' तर म्हणाली, 'शिव शिव, काय विचारतोस!' मग विचारलं मशेरी लावतेस का, तर म्हणे, 'लावते की, सकाळ-संध्याकाळ, त्याशिवाय पोट साफ होत नाही.'