कोठ्यातल्या उंदरांसाठी मांजर पाळावी का? उपाशी ठेवली तर जास्त शिकार करते का?

भाऊ, पाळा, पण उपाशी ठेवू नका. आमचा बाबा मात्र सांगायचा, खाऊ घातलं की मांजर आळशी होते. म्हणून पहिली मांजर उपाशी ठेवून पाहिली. पंधरा दिवसांत ती शेजारच्या चुलीपाशी जाऊन बसली. पोट भरलेलं असलं तरी कुटारात खसखस झाली की मांजर दबा धरतेच. आता सांजेला ढोरं बांधली की कोठ्यातच तिला भात आणि थोडी मासोळी नाहीतर अंडं देतो. नुसत्या दूध-पोळीवर तिचं भागत नाही, आणि मोठ्या मांजरीला दुधाने बरेचदा हगवण लागते.

नवी आणली की तीन-चार आठवडे कुटाराच्या खोलीत कोंडा, खाणं-पाणी तिथेच. आणल्या आणल्या सोडली तर निघून जाते. आणि घुशीची आशा तिच्याकडून धरू नका. मोठी घूस किलोभराची भरते, तिच्या वाटेला बहुतेक मांजरी जात नाहीत. तिथे पिंजराच लागतो.

माझी खरी चूक औषधाची. सोयाबीन घरात आलं तेव्हा धान्याच्या खोलीत उंदीर मारायच्या ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवल्या. खोलीला कुलूप, मांजर बाहेर, म्हणून मी बिनघोर. पण ते खाल्लेला उंदीर जागच्या जागी मरत नाही. रक्त गोठणं बंद होऊन मरायला त्याला काही दिवस लागतात. तोवर तो सुस्तावून बाहेर फिरतो, आणि सुस्त उंदीर मांजरीला आधी सापडतो. आमची भुरी गंजीखाली मेलेली सापडली. मांजर ठेवायची तर औषध घरात आणायचंच नाही. गोचिडासाठी सायपरमेथ्रिन फवारता ना? तेही मांजरीला बाधतं, कोठा वाळेपर्यंत तिला आत येऊ देऊ नका.

शेळ्या असतील तर एक घमेलं रेती कोपऱ्यात ठेवा आणि रोज साफ करा. मांजरीची घाण चाऱ्यात गेली तर टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूने गाभण शेळ्या गाभडतात. घरात कोणी पोटुशी बाई असेल तर ते घमेलं तिला साफ करू देऊ नका.

रेबीजची लस तीन महिन्यांची झाली की टोचा. मादी पाच-सहा महिन्यांतच माजावर येते, नसबंदी तेव्हाच उरकून घ्या. मी टाळाटाळ केली आणि वर्षभरात कोठ्यात नऊ मांजरी झाल्या. गावात फुकट न्यायलाही कोणी तयार होईना.