‘घरीच असतो’ म्हणणारी बाई आणि तुझे दोन पेपर

अगं बाळ,

परवा रात्री तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, दोनदा ऐकला. जेंडरचा पेपर म्हंजे नुसती नावं नि सालं, रिसर्च मेथडचा पेपर म्हंजे नुसत्या व्याख्या, आणि दोन्हीतलं काहीच डोक्यात थांबंना झालंय म्हणालीस. आवाज रडवेला होता तुझा. फोनवर सांगितलं असतं पण फोनवरचं बोलणं दुसऱ्या दिवशी विसरतं, म्हणून बसून लिहिते. खानापूर गाडीत जागा मिळाली की निवांत वाच.

मला एकच सांगायचंय आणि ते आधीच सांगून टाकते. हे दोन पेपर वेगळे नाहीतच. माणसाचं बाईपण, पुरुषपण, किंवा त्या दोन्हीत न बसणारं जे काही असतं, ते तुला किती दिसणार हे तू कुणाला विचारतेस, कुठं बसून विचारतेस, कुठल्या भाषेत विचारतेस यावर ठरतं. तू सकाळी एक पुस्तक नि संध्याकाळी दुसरं असं टाइमटेबल लावलंयस, ते आधी मोड.

मी एम.ए.ला होते तेव्हाची गोष्ट. वडगावात विणकरांच्या घरांतनं सर्व्हे करत फिरत होते, हातात छापील फॉर्म. एका घरी दुपारी गेले, आत माग चालू, खटखट आवाजात काही ऐकू येईना, आणि बाई उंबऱ्यालगत चरख्यावर कांड्या भरत बसलेली. मी विचारलं, काकू तुम्ही काय काम करता? ती म्हणाली, "मी काय करतो गं, घरीच असतो." हे म्हणताना तिचा उजवा हात चाक फिरवायचा थांबला नाही, डाव्या हाताच्या बोटांतनं सूत सरकत होतं, भरलेली कांडी तिनं काढून टोपलीत टाकली, रिकामी लावली, आणि मी तिच्यासमोर उभं राहून फॉर्मवर ‘गृहिणी’च्या चौकटीत टिक केली. रात्री फॉर्म लावताना लक्षात आलं की तिनं हात थांबवला असता तर संध्याकाळपर्यंत आतला मागच थांबला असता! मला लाज वाटली गं, अजून वाटते.

आता या एका टिकेत तुझा किती सिलॅबस आहे बघ. त्या घरी दहा जणींनी जाऊन तोच प्रश्न विचारला असता तर दहाही जणींना ‘घरीच असतो’ हेच उत्तर मिळालं असतं, म्हंजे माझं साधन विश्वसनीय होतं, रिलायबल. पण मला मोजायचं होतं काम, आणि मोजलं गेलं ते काम या शब्दाबद्दलचं त्या बाईचं मत, कारण तिच्या हिशोबी ज्याचे पैसे आपल्या हातात पडतात तेच काम. म्हंजे व्हॅलिडिटी शून्य. हे तू एकदा नीट समजून घेतलंस की वैधता आणि विश्वसनीयता यातला फरक जन्मात विसरणार नाहीस. आणि याच टिकेत ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अ‍ॅन ओकलीसुद्धा आहे. तिनं 1974 मध्ये लंडनच्या 40 गृहिणींच्या मुलाखतींवरनं घरकामावर पुस्तक लिहिलं, आणि घरकाम हे काम आहे, त्याचा कंटाळा, त्याचे तास, त्यातलं एकटेपण हे सगळं समाजशास्त्राचा विषय आहे असं ठामपणे मांडलं. आपल्याकडं 2019 मध्ये सरकारी टाइम यूज सर्व्हे झाला, त्यात ‘काम करता का’ एवढंच विचारून सोडलं नाही, चोवीस तासांतल्या अर्ध्या अर्ध्या तासाला काय केलं ते विचारलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाले, पुरुषांचे 97. प्रश्न बदलला तेव्हा आकडा दिसला. हे वाक्य दोन्ही पेपरांत लिहिता येतं, लिही.

आता तिच्या वाक्यातला ‘असतो’ हा शब्द घे. आपल्याकडं, कोल्हापूरपासून बेळगाव-खानापूरपर्यंत, बायका मी आलो, मी जातो, मी जेवलो असंच म्हणतात. माझ्या आईनं आयुष्यात ‘मी जाते’ म्हटलं नाही. तुझी आज्जीपण म्हणत नसणार. एका मोठ्या शहरात सेमिनारला गेले होते, तरुण होते, बोलता बोलता ‘मी गावात गेलो’ असं तोंडातनं गेलं आणि समोरचे एक मोठे प्राध्यापक हसून म्हणाले, बाई असून गेलो कसं म्हणता? सगळा हॉल हसला. मला उत्तर सुचलं नाही, पुढचं निम्मं पेपर-वाचन मी खाली मान घालून केलं. आज उत्तर आहे माझ्याकडं. वेस्ट आणि झिमरमन या समाजशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये ‘डूइंग जेंडर’ या लेखात लिहिलं की जेंडर हे आपल्या आत ठेवलेली वस्तू नाही, ते आपण रोजच्या व्यवहारात ‘करतो’, आणि नीट केलं नाही असं लोकांना वाटलं की ते आपल्याकडं हिशोब मागतात. त्या हॉलमध्ये माझ्याकडं हिशोब मागितला गेला, एवढंच झालं होतं. डूइंग जेंडरवर प्रश्न आला तर व्याख्या दोन ओळीत संपव आणि हा हिशोब मागण्याचा मुद्दा फोडून लिही, बहुतेक पोरं तो सोडूनच देतात.

पण इथंच एक खड्डा आहे, सांभाळ. ‘मी आलो’ म्हणणाऱ्या आपल्या बायका स्वतःला पुरुष समजत नाहीत. व्याकरणातलं लिंग वेगळं, शरीराचं लिंग वेगळं, समाजानं शिकवलेला लिंगभाव वेगळा, आपण आतनं स्वतःला कोण मानतो ती लिंगओळख वेगळी, आणि कुणाबद्दल ओढ वाटते तो लैंगिक कल आणखी वेगळा. मराठीत घोटाळा यासाठी होतो की बोलताना सगळ्याला आपण लिंग हाच शब्द वापरतो. तू दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता निम्मं लेक्चर कन्नडमध्ये आणि वाचायचं इंग्लिशमध्ये, मग डोक्यात गोंधळ होणारच, त्यात तुझी चूक नाही. एक कर. वहीच्या मागच्या पानावर सेक्स आणि जेंडर हे शब्द लिहून त्यापुढं लिंग आणि लिंगभाव लिही, कन्नडमधला लिंगत्व लिही, आणि प्रत्येकापुढं गल्लीतलं एक उदाहरण टाक. ओकलीनं हा फरक 1972 च्या पुस्तकात रुळवला आणि अमेरिकन विचारवंत ज्युडिथ बटलरनं 1990 मध्ये त्याच फरकावर प्रश्न उभा केला, की शरीराकडंसुद्धा आपण समाजाच्या चष्म्यातनंच बघतो की. बटलरबद्दल लिहिताना ‘जेंडर म्हंजे नाटक’ असं चुकूनसुद्धा लिहू नको. नाटक संपलं की माणूस मेकअप पुसून घरी जातो. ती म्हणते ते पुन्हा पुन्हा करत राहण्याबद्दल, इतकं पुन्हा पुन्हा की ते निसर्गानंच दिल्यासारखं वाटायला लागतं.

सौंदत्तीचं सांगते. यल्लम्माच्या डोंगरावर पुनवेला तू लहानपणी गेली असशील, उदं गं आई उदं करत, कपाळभर भंडारा. एका वर्षी मी तिथं एका जोगत्याशी, म्हंजे देवीला वाहिलेल्या माणसाशी, बोलत बसले होते, साडी, हिरव्या बांगड्या, गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी. मराठी चांगलं येत होतं, भक्तांशी मराठीतच बोलणं चाललेलं. मी विचारलं डोंगरावर पहिल्यांदा कधी आलात, तर उत्तर कन्नडमध्ये आलं. पुढंही स्वतःबद्दलचं काही आलं की कन्नड, दुसऱ्या कशाबद्दल असलं की मराठी. घरी येताना गाडीत मला सुचलं की कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ म्हटलं की आला की आली हे कळतच नाही, मराठीत मात्र तोंड उघडलं की आलो किंवा आले यातलं एक निवडावंच लागतं. कारण तेच होतं असं मी म्हणत नाही, मी तेव्हा विचारलं नाही आणि न विचारता त्यांच्या मनातलं लिहिणं ही लबाडी झाली असती. पण संशोधनाचा प्रश्न असाच पडतो बघ, पुस्तक उघडून पडत नाही. आपल्या सीमाभागात प्रश्नावली कुठल्या भाषेत काढायची हा छपाईचा विषय नाही, दारात पहिलं वाक्य मराठीत बोललीस की कन्नडमध्ये यावर समोरचं माणूस किती उघडं होणार ते ठरतं. म्हणून भाषांतर केलेली प्रश्नावली दुसऱ्या कुणाकडनं परत मूळ भाषेत आणून ताडून बघतात, हे मेथडच्या उत्तरात जरूर घाल.

आणि जोगते, हिजडे, ट्रान्सजेंडर सगळ्यांना एका पोत्यात घालू नको. जोगत्याचं नातं देवीशी आहे, त्याच्या रीती वेगळ्या, हिजडा समाजाची गुरू-चेल्याची घराणी वेगळी, आणि ट्रान्सजेंडर हा अलीकडचा, कायद्यात आलेला मोठा शब्द. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात आपली लिंगओळख आपण ठरवायची, त्यासाठी ऑपरेशनची अट नाही असं म्हटलं. ते साल पाठ कर. त्याच्या आधी, 2011 च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यापलीकडं ‘इतर’ असा कोड दिला होता आणि त्यात साधारण 4 लाख 88 हजार लोक आले. हा आकडा लिहिलास की लगेच त्याच्यावर शंकापण लिही. दारात आलेल्या मास्तरांना माहिती देणारा घरचा कर्ता असतो, तो आपल्या पोराला ‘इतर’ म्हणून लिहू देईल काय? आणि जो घरातनंच बाहेर काढला गेलाय तो कुणाच्या यादीत येणार? सॅम्पलिंगच्या उत्तरात स्नोबॉल पद्धत, म्हंजे एकीकडनं दुसरीचा पत्ता घेत जाणं, का वापरावी लागते ते इथं कळतं, आणि तिची मर्यादापण, की एकीनं दुसरीकडं नेलं, तिनं तिसरीकडं, तर तू एकाच ओळखीच्या घोळक्यात फिरत राहतेस.

समाजशास्त्रज्ञ गारफिंकेलच्या अ‍ॅग्नेसची केस आहे ना सिलॅबसमध्ये, मुलगा म्हणून वाढवलेली पण बाई म्हणून जगणारी, ती केस नुसती जेंडरखाली ठेवू नको. 1967 च्या पुस्तकात त्यानं तिच्याबद्दल लिहिलं, बाई म्हणून रोज जगताना ती काय काय जपते, कशी सांभाळून वागते ते. तिचं शरीर आपोआप बाईचं होत गेलं असं डॉक्टरांना वाटत होतं. नंतर तिनं सांगितलं की बारा वर्षांची असल्यापासनं ती गुपचूप हार्मोनच्या गोळ्या घेत होती. का लपवलं? ऑपरेशन हवं होतं आणि ते देणं न देणं डॉक्टरांच्या हातात होतं. मी तिला खोटारडी म्हणणार नाही. ज्याच्या हातात आपलं काम अडकलंय त्याला माणूस सगळं सांगत नाही, तहसीलदार ऑफिसात आपण तरी सगळं सांगतो काय? मुलाखत घेणारा आणि देणारा यांच्यातली सत्ता म्हंजे हे.

एथिक्सला लॉड हम्फ्रीजचं 1970 चं काम येईल. सार्वजनिक शौचालयांत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचं त्यांना न सांगता निरीक्षण, गाड्यांचे नंबर टिपून पत्ते काढणं, नंतर वेष बदलून दुसऱ्याच सर्व्हेच्या नावाखाली घरी जाणं. दोन्ही बाजू लिहायला सांगतात, लिही, पण तुझं मत लिहायला घाबरू नको. मला विचारशील तर ज्याचं घर मोडू शकतं त्याची परवानगी न घेता मिळालेलं ज्ञान मला नको.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांवर बहुतेक प्रश्न संस्कृतीकरणाचा, म्हंजे खालच्या मानलेल्या जाती वरच्यांच्या रीती उचलतात त्याचा, येतो, पण फील्डवर्कला ते फार उपयोगी आहेत. म्हैसूरकडच्या ज्या गावाला त्यांनी रामपुरा नाव दिलं तिथं ते 1948 मध्ये राहिले, गावच्या पाटलाच्या बैलांच्या घरात मुक्काम. 1970 मध्ये स्टॅनफर्डला लावलेल्या आगीत त्यांनी वर्षानुवर्षं लावलेल्या नोंदी जळाल्या आणि शेवटी 1976 चं पुस्तक त्यांनी आठवणीच्या जोरावर उभं केलं. पाटलाच्या आवारात राहणाऱ्या पुरुषाला गाव कुठल्या बाजूनं दिसणार, पाणवठ्यावरच्या बायकांचं बोलणं त्याच्या कानावर कितीसं येणार, हा प्रश्न तुझ्या दोन्ही पेपरांच्या मधोमध उभा आहे. त्यावर एक पान लिहून मला फोटो पाठव, मार्क मी देते.

बाकी उत्तर लिहायचं म्हणशील तर टेबल काढून ‘फरक स्पष्ट’ करून मोकळी होऊ नको. नाव आणि साल एका ओळीत, त्याचं म्हणणं तुझ्या शब्दांत, मग डोळ्यांनी बघितलेलं काहीतरी, मग ते म्हणणं कुठं कमी पडतं ते. गाईडमधलं उदाहरण टाळ, शंभर पोरांनी तेच लिहिलेलं असतं. तुझ्या घरात काजू सोलायला बसतात, तुझ्या गल्लीत बचत गटाच्या पासबुकावर सही कोण करतं आणि पैसे कोण आणतं हे तू बघतेस, ते लिही. मात्र नावं बदल, हं. आणि इंग्लिशची फार भीती घेऊ नको, छोटी वाक्यं कर.

रोज रात्री एक तास हातानं लिहायची सवय ठेव, मोबाईलवर वाचून झाल्यासारखं वाटतं पण पेपरात हात दुखून शेवटचं उत्तर राहतं, माझं राहिलं होतं.

पेपरच्या आदल्या दिवशी मला फोन करू नको, झाल्यावर कर, पण आधी जेव. आईला सांग पुढच्या रविवारी शहापूरला येणार आहे तेव्हा घरी डोकावून जाईन. आता भाकरी टाकायच्यात.

येतो गं.